मतदानाच्या दुसऱ्या दिवसासाठी कायदा लिहा

हवामान-तंत्रज्ञानाचे विधेयक सभागृहात आणू पाहणाऱ्या लोकप्रतिनिधींस,

स. न. वि. वि.

७ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ ५१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली होती, उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने पारडे झुकले. विरोधी पक्षातून एकही मत फुटले नाही. स्वच्छ ऊर्जेच्या तंत्रज्ञानासाठी त्या देशाने केलेला तो आजवरचा सर्वांत मोठा कायदा. तीन वर्षेही धड झाली नव्हती, तोच १ जुलै २०२५ रोजी त्याच सभागृहात, पुन्हा ५१ विरुद्ध ५० मतांनी आणि पुन्हा उपराष्ट्राध्यक्षांच्याच मतावर, त्या कायद्याचे लचके तोडणारे विधेयक मंजूर झाले. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारीवरची ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला बंद पडली. पवन आणि सौर प्रकल्पांना बजावण्यात आले की ४ जुलै २०२६ पर्यंत काम सुरू करा, नाहीतर २०२७ संपण्याआधी वीज देऊ लागा. दोन्ही जमले नाही तर सवलत विसरा.

आपण सध्या मते मोजत असाल. कोण फुटेल, कोण ऐनवेळी गैरहजर राहील, कोणाची कोणत्या दुरुस्तीवर समजूत पटेल. ती मोजणी करायलाच हवी आणि त्यातले मला आपल्याला काही शिकवायचे नाही. कायद्यांचे मसुदे वाचायची मला खोड आहे, तेवढ्या भांडवलावर एकच गोष्ट सांगतो. मसुदा लिहायला जो बसला आहे त्याने मतदानाचा दिवस नव्हे, तर सत्ता पालटेल तो दिवस डोळ्यांपुढे ठेवून लिहावे. कोळशाविना पोलाद बनवणारी भट्टी, सिमेंटच्या धुरातला कार्बन पकडणारा संच, जमिनीखालची उष्णता उपसणारी विहीर, यांपैकी काहीही कागदावरून प्रत्यक्षात यायला एका सभागृहाची मुदत पुरत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये हिशेब मांडला होता: २०५० पर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे तर त्या वर्षीच्या कपातीतला जवळपास निम्मा वाटा अजून प्रयोगाच्या पायरीवर असलेल्या तंत्रज्ञानाकडून यावा लागेल. २०२३ च्या हिशेबात हा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास आला. घटला हे चांगलेच झाले. पण एक तृतीयांशाहून जास्त भिस्त अशा यंत्रांवर आहे, जी आज पैसे मोजूनही बाजारात मिळत नाहीत. या यंत्रांमागे उभा राहणारा कायदा दर निवडणुकीला धाप लागणारा असून चालायचे नाही.

अमेरिकेतल्या त्या कापाकापीत वाचले काय, हे बघण्यासारखे आहे. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत गाडणाऱ्यांची सवलत वाचली. अणुऊर्जा, भूगर्भातील उष्णता आणि वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या यांनाही बरीच मुदत मिळाली. कार्बन पकडण्याची सवलत मुळात २००८ ची, धाकट्या बुश यांच्या सहीची. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या सहीने ती वाढली, २०२२ मध्ये बायडेन यांच्या. कोणत्याच बाकावर तिचा कडवा शत्रू उरला नव्हता. आता कोणी म्हणेल की सौरऊर्जेची घसघशीत सवलतही बुश यांच्याच काळातली, मग ती का कापली गेली? खरे आहे. जुनी सही पुरत नाही. मधल्या काळात सौर आणि पवन यांच्यावर एका पक्षाचा झेंडा रोवला गेला, आणि झेंडा दिसला की समोरच्याला तो उपटावासा वाटतो. यंत्राला पक्ष नसतो, तो आपल्या भाषणांमधून चिकटतो. विधेयक मंजूर झाल्यावरच्या विजयसभेत जे टाळीचे वाक्य सुचेल ते गिळून टाका, एवढे म्हणून पुढे जातो.

‘ज्यांच्या मतदारसंघात कारखाने आले ते आपोआप कायदा वाचवतील’ या भरवशावरही राहू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या १८ प्रतिनिधींनी आपल्याच सभापतींना पत्र लिहून विनवले होते की या सवलती सरसकट रद्द करू नका, आमच्याकडची गुंतवणूक त्यावर उभी आहे. मतदानाची वेळ आली तेव्हा त्यांतले बहुतेक पक्षासोबत गेले. कारखान्याची कुदळ मारलेली असणे आणि कारखाना चालू असणे यांत फार फरक असतो. ज्याच्या फाटकातून पाळीला माणसे आत जातात त्या कारखान्यासाठी आमदार-खासदार भांडतो. फलक लावलेल्या मोकळ्या जागेसाठी तो एक पत्र लिहितो आणि गप्प बसतो.

म्हणून मला टेक्सासची गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते. तेलाचे राज्य, आणि हवामानबदलाचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडणारे राजकारण. १९९९ मध्ये वीजबाजार खुला करणाऱ्या तिथल्या कायद्यात २००९ पर्यंत २,००० मेगावॉट नवी अक्षय ऊर्जा उभारण्याची अट घातली गेली. सही गव्हर्नर जॉर्ज बुश यांची. लक्ष्य मुदतीच्या बऱ्याच आधी गाठले गेले आणि मग घोडे अडले ते तारांपाशी. वारा पश्चिमेच्या ओसाड माळांवर, विजेची भूक पूर्वेच्या शहरांत. वाहिनी नाही म्हणून कोणी पवनचक्क्या उभारीना, पवनचक्क्या नाहीत म्हणून वाहिनीचा खर्च मंजूर होईना. २००५ च्या कायद्याने ही कोंडी फोडली. नियामक आयोगाने वाऱ्याचे पट्टे आधी आखावेत, वाहिन्या तिथवर आधी न्याव्यात, आणि खर्च त्या ग्रिडवरच्या सगळ्या ग्राहकांवर वाटून टाकावा. सुमारे ३,६०० मैलांच्या वाहिन्या, खर्च सात अब्ज डॉलरच्या घरात, काम २०१४ च्या सुरुवातीपर्यंत पुरे. आज अमेरिकेत वाऱ्यापासून सर्वाधिक वीज बनवणारे राज्य टेक्सास आहे.

या कायद्यात कोणालाही हवामानशास्त्र पटवून द्यावे लागले नाही. गुरे राखणाऱ्या जमीनमालकाला पवनचक्कीमागे भाडे मिळू लागले, पाऊस पडो न पडो. ज्या तालुक्यांत करपात्र मालमत्ता म्हणजे कुसळे आणि दगड होते, तिथल्या शाळांना मालमत्ता कराचा नवा पैसा दिसला. २०२५ च्या अधिवेशनात पवन आणि सौर प्रकल्पांना वेसण घालणारी विधेयके तिथल्या वरिष्ठ सभागृहात मंजूर झाली आणि कनिष्ठ सभागृहात अडकून संपली. ‘माझ्या जमिनीवर काय उभारायचे ते सरकारने मला सांगू नये’ हा युक्तिवाद तिथे चालला, आणि तो पर्यावरणवाद्यांचा नव्हता. उभ्या असलेल्या लोखंडी मनोऱ्यांना आणि चालू असलेल्या भाड्याला बोलावे लागत नाही.

जर्मनीतली १९९० ची गोष्ट याहूनही जुनी. छोट्या जलविद्युत केंद्रांचे मालक, बरेचसे बव्हेरियातले, बड्या वीज कंपन्यांच्या अरेरावीला विटले होते. वीज घ्यायची तर त्या कवडीमोल दराने घेत. त्यांची बाजू मांडणारे मथियास एंगेल्सबर्गर हे सीएसयू या बव्हेरियातल्या परंपरावादी पक्षाचे खासदार, आणि त्यांच्या जोडीला ग्रीन पक्षाचे वोल्फगांग डॅनियल्स. एरवी एकमेकांच्या सभांना फिरकणार नाहीत असे दोघे. ग्रीन पक्षाच्या नावाने विधेयक आले असते तर सत्ताधारी आघाडीने ते बाजूला सारले असते, म्हणून ते सत्ताधारी बाकांवरून पुढे गेले आणि डॅनियल्स यांनी श्रेयाचा आग्रह धरला नाही. कायदा मोजून पाच कलमांचा. वीज कंपनीने शेजारच्या लहान उत्पादकाची अक्षय वीज घेतलीच पाहिजे आणि अमुक दराने घेतली पाहिजे. वारा आणि सूर्य यांच्यासाठी तो दर ग्राहक देतात त्या सरासरी दराच्या ९० टक्के. बड्या कंपन्या त्या सुमारास पूर्व जर्मनीची वीजव्यवस्था ताब्यात घेण्यात गुंतल्या होत्या, त्यांनी या चिटुकल्या कायद्याकडे काणाडोळा केला. १ जानेवारी १९९१ पासून तो लागू झाला आणि कंपन्यांना जाग येईपर्यंत गावोगावी पवनचक्क्यांचे भागधारक तयार झाले होते. त्यातूनच २००० चा मोठा कायदा आला, ज्याने वीस वर्षांच्या दराची हमी दिली.

या दुसऱ्या कायद्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे, कारण आपले विरोधक ते सांगतीलच. जर्मन ग्राहकाच्या बिलावर अक्षय ऊर्जेचा अधिभार चढत गेला, २०१४ ते २०२१ तो युनिटमागे सहा युरोसेंटच्या वर होता, आणि अखेर १ जुलै २०२२ पासून तो बिलातून काढून खर्च सरकारी तिजोरीवर टाकला गेला. त्या पैशाने जी मागणी तयार झाली, तिच्या जोरावर चीनमधले कारखाने वाढले आणि सौरपट्ट्यांच्या किमती २०१० च्या दशकात साधारण ९० टक्क्यांनी कोसळल्या. पैसे जर्मनांनी भरले, स्वस्त पट्ट्या सगळ्या जगाला मिळाल्या. हा सौदा त्यांच्यासाठी न्याय्य होता का, यावर तिथे अजून वाद होतो आणि तो वाद खोटा नाही. पण एक गोष्ट कोणत्याही सभागृहाच्या हातात उरलेली नाही: ती पट्टी पुन्हा महाग करणे. कराचा कायदा रद्द झाला की कर जातो. तंत्रज्ञानाचा कायदा रद्द झाला तरी शिकलेला वेल्डर, उभी वाहिनी आणि उतरलेली किंमत जात नाही. निसटत्या बहुमतानेही असा कायदा करावा, असे मी म्हणतो ते याच कारणाने. मात्र जे परत घेता येत नाही ते कायद्याच्या पहिल्या दोन वर्षांत आणा. वाहिन्या, पहिले कारखाने, प्रशिक्षण हे आधी. मोठमोठी उद्दिष्टे आणि परिषदा मागाहून आल्या तरी चालतील. बहुतेक मसुद्यांत मला क्रम नेमका उलटा दिसतो.

बंधन आधी आणि मदत नंतर हा क्रम तर सर्वांत घातक. २०२३ मध्ये जर्मनीनेच त्याचा अनुभव घेतला. घर तापवायचे नवे यंत्र बसवाल तर त्याची ६५ टक्के ऊर्जा अक्षय असली पाहिजे, अशा कायद्याचा कच्चा मसुदा फेब्रुवारीत वृत्तपत्रांत फुटला. अनुदान किती, कोणाला, म्हाताऱ्या माणसाने जुन्या घरात काय करायचे, यांपैकी कशाचेही उत्तर तयार नव्हते. सत्तेतल्याच एका पक्षाने उघड विरोध आरंभला. जुलैमध्ये घटनात्मक न्यायालयाने मतदान रोखले, कारण सदस्यांना मसुदा वाचायला पुरेसा वेळ दिला नव्हता. सप्टेंबरमध्ये कायदा झाला, तोवर लोकांनी धसक्याने गॅसचे बॉयलर बसवून घेतले होते. २०२४ मध्ये हीट पंपांची, म्हणजे बाहेरची उष्णता आत ओढून विजेवर घर तापवणाऱ्या यंत्रांची, विक्री आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली. विरोधकांनी अपप्रचार केला हे खरेच. पण अनुदानाचा तक्ता पहिल्या दिवशी लोकांच्या हातात असता, तर अपप्रचाराला जागा किती उरली असती?

कॅनडात उलटा घोटाळा झाला. तिथे इंधनावरच्या कार्बन शुल्काचा बहुतांश पैसा थेट कुटुंबांच्या खात्यात परत जात होता, आणि अनेकांना तो मिळतो हेच कळत नव्हते. बँकेच्या नोंदीत त्या रकमेपुढे काहीतरी त्रोटक, सरकारी लिहिलेले असे, तेही प्रत्येक बँकेत वेगळे. पेट्रोल पंपावरचा भाव मात्र रोज डोळ्यांत भरायचा. २०२४ मध्ये सरकारला जाग आली, परताव्याचे नाव बदलले, बँकांनी नोंद नीट लिहावी म्हणून तरतूद केली. फार उशीर झाला होता. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचे ते शुल्क बंद झाले, आणि बंद केले ते ज्या पक्षाने आणले त्याच पक्षाच्या पंतप्रधानांनी. मोठ्या उद्योगांवरचे कार्बन शुल्क चालू राहिले. पासबुकातली एक ओळ कशी छापायची हे कलमात लिहिणे आपल्याला क्षुल्लक वाटेल. लिहा तरीही.

आता अपयशाबद्दल. नव्या तंत्रज्ञानाला कर्ज किंवा हमी दिली की त्यातले काही प्रकल्प बुडणार, आणि विरोधकांच्या हाती तेच पहिले लागणार. सोलिंड्रा या सौर कंपनीला अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. कंपनी सप्टेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या निवडणुकीत तिचे नाव शिवीसारखे वापरले गेले. त्याच खात्याने २०१० मध्ये टेस्लाला दिलेले ४६.५ कोटींचे कर्ज २०१३ मध्ये मुदतीच्या नऊ वर्षे आधी फिटले, ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. मिसिसिपीतल्या केम्पर काउंटीच्या प्रकल्पाने कोळशाचा वायू करून त्यातला कार्बन पकडायचे ठरवले होते. खर्च तीन अब्जांच्या आतून साडेसात अब्जांवर गेला आणि २०१७ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. इथे टीकाकार बरोबर होते. विरोध म्हणजे नेहमी तेल कंपन्यांची फूस, असे समजून चालाल तर असे टीकाकार आपल्याला ऐकूच येणार नाहीत. मसुद्यातच लिहून ठेवा की दहा प्रकल्पांत काही बुडतील हे सभागृहाला माहीत आहे, एका प्रकल्पात किती पैसा घालायचा याला मर्यादा असेल, ठरलेल्या टप्प्यावर ठरलेले काम झाले नाही तर हप्ता थांबेल, आणि हा हिशेब दरवर्षी सभागृहापुढे येईल. बुडालेल्या पैशाची बातमी सरकारने स्वतः दिली की तिची धार निम्मी होते.

ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये टनामागे २३ ऑस्ट्रेलियन डॉलरचे कार्बन मूल्य लागू केले. विरोधकांनी त्याला ‘कर’ म्हणून झोडपले, निवडणूक जिंकली आणि जुलै २०१४ मध्ये ते रद्द केले. पण त्याच सुमारास स्थापन झालेल्या दोन संस्था, स्वच्छ ऊर्जेला कर्ज देणारे महामंडळ आणि संशोधनाला पैसा देणारी अक्षय ऊर्जा संस्था, याही गुंडाळायचा नव्या सरकारचा इरादा होता, आणि तो सिनेटमध्ये तडीस गेला नाही. महामंडळ स्वतंत्र कायद्याने उभे होते, त्याला आपले संचालक मंडळ होते, आणि त्याने दिलेली कर्जे व्याजासकट परत येत होती. नफ्यात चालणारी संस्था बंद का करायची, हे सांगणे मंत्र्यांनाही अवघड जाते. मंत्रालयातला एखादा विभाग एका परिपत्रकाने बंद होतो. कायद्याने उभी केलेली संस्था बंद करायला पुन्हा सभागृहात यावे लागते आणि तिथे कोणीतरी प्रश्न विचारतो.

डेन्मार्कमध्ये ऊर्जेचे मोठे करार सत्ताधारी आणि विरोधक मिळून करतात आणि करारातल्या पक्षांच्या संमतीशिवाय तो बदलायचा नाही असा संकेत पाळतात. असे जमत असेल तर सोन्याहून पिवळे, पण डॅनिश राजकारण आयात करता येत नाही. आणि सर्वसंमती म्हणजे अमरपट्टाही नव्हे. ब्रिटनचा २००८ चा हवामान कायदा कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात मूठभरांचा अपवाद सोडता सर्वांनी उचलून धरला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेत्यांनी सत्तेत आल्यास तो रद्द करण्याचे जाहीर केले. त्यामुळे सर्वांची मने जुळेपर्यंत विधेयक थांबवून ठेवा, असे सांगणाऱ्या मित्रांचे ऐकू नका. थांबल्याने विरोध मावळत नाही, मुदती तेवढ्या सरतात.

एक मागणी करून पत्र पुरे करतो. विरोधी बाकावर असा एक तरी सदस्य असेल ज्याच्या मतदारसंघात जुना औष्णिक संच बंद पडायला आला आहे, किंवा रसायनांचा कारखाना आहे, किंवा नुसता वारा आहे. २०२० मध्ये एअर कंडिशनर आणि फ्रिजमधले उष्णता अडवणारे वायू १५ वर्षांत ८५ टक्क्यांनी घटवण्याचा कायदा अमेरिकेत झाला, त्याच्या पुढाकारात लुइझियानाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन केनेडी होते; पर्यायी वायू बनवणारे कारखाने त्यांच्या राज्यात होते. सही ट्रम्प यांची. तसा आपल्याकडचा सदस्य शोधा आणि मसुदा त्याच्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री नव्हे, लिहायला घेण्याआधी न्या. त्याने सुचवलेली दुरुस्ती पटण्यासारखी असेल तर त्याच्याच नावाने स्वीकारा, श्रेय त्याला घेऊ द्या. अंतिम मतदानात तो कदाचित पक्षादेश मानून विरोधातच मत देईल. देऊ द्या. उद्या त्याचे सरकार येईल आणि कायदा रद्द करायचा प्रस्ताव येईल, तेव्हा आपल्या नावाच्या कलमाचे काय करायचे ते त्याला सभागृहात उभे राहून सांगावे लागेल.

आपला,
एक मतदार